पंखाखाली नाव, पत्ता आणि पिनकोड

गाझियाबाद
शुक्रवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप दत्तोपंतांच्या चरणी सूर्यकांताचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी दोन अंगे हल्ली जमिनीपर्यंत पोचत नाहीत, ती पोचली असे कृपया मानून घ्यावे.) आपला खोकला आता कसा आहे? प्रभावहिनींचा खांदा शेकल्याने उतरला का? साताऱ्याला यंदा थंडी बरी होती असे कळले. इकडची थंडी आता सरत आली असली, तरी सकाळी अजून स्वेटर लागतो. आम्ही उभयता कुशल आहोत, म्हणजे कुमुद कुशल आहे. आपली बहीण या नात्याने तिच्याविषयी आपण निश्चिंत असावे. मी कसा आहे हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे, आणि बसण्यापूर्वी खिडकीचा पडदा ओढून घेतला आहे.

आपण म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो? दत्तोपंत, फोनवर आता माझा भरवसा राहिला नाही. मागच्या महिन्यात मी कुमुदशी, तेही घरात, तेही हळू आवाजात, विमानाच्या बॅटरीविषयी बोललो, आणि संध्याकाळच्या आत माझ्या फोनवर विमानाच्या बॅटऱ्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे कोणीतरी ऐकते आहे. जाहिरातवाल्याला ऐकू येते ते सरकारला ऐकू येत नसेल, असे मानायला मी काही दूधखुळा नाही. टपाल मात्र अजून कोणी वाचत नाही, कारण वेळेवर पोचवायलाच त्यांना फुरसत नसते. तेव्हा या पत्रात जे लिहितो ते आपण वाचावे, प्रभावहिनींना सांगितले तरी चालेल, पण फोनवर उच्चारू नये.

या सगळ्याचे मूळ आपणच आहात, हे मी रागाने म्हणत नाही. मी निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी शाली दिल्या, नारळ दिले. आपण एक लांबट खोका पाठवलात, आणि आत हलक्या लाकडाच्या पट्ट्या, एक मोटर, एक रिमोट आणि चिठ्ठी की, ‘आयुष्यभर बसून काढलेत, आता काहीतरी उडवा.’ मी तो खोका पलंगाखाली सारला होता. पण निवृत्तीनंतर माणूस घरात किती वेळ वर्तमानपत्र वाचणार? एके दिवशी काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. दोन हिवाळे लागले. पहिला पंख टेबलक्लॉथला चिकटला (ते टेबलक्लॉथ आपल्या मातोश्रींनी विणलेले होते, कुमुद अजून अधूनमधून त्याचा उल्लेख करते), दुसरा वाकडा झाला, तिसरा जमला. आपल्याला माझी नोकरी ठाऊकच आहे. एका मंत्रालयात नियमांचे मसुदे करण्यात माझा जन्म गेला, पण एकही नियम माझा नव्हता. मी लिहायचे, वरच्याने खोडायचे, त्याच्या वरच्याने खोडलेले परत लिहायचे, आणि शेवटी सही चौथ्याचीच. हे विमान मी एकट्याने केले. त्याच्यावर कुणाचा शेरा नाही. सकाळी उठलो की मी आधी कपाटावर त्याच्याकडे बघतो, आणि खरे सांगायचे तर माझा जीव त्याच्यात अडकला आहे. ते कुणी जप्त करून नेले तर मी पुन्हा पूर्वीचाच सूर्यकांत होईन, ही माझी भीती आहे आणि ती मी आपल्यापासून लपवत नाही.

ते कपाटावर होते तोवर मी सुखात होतो. उडवायचे होते, नाही असे नाही, पण आज वारा आहे, उद्या धुके आहे, परवा कुमुदची भिशी आहे, असे चालले होते. घात केला तो खंडेनवमीने. आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊक आहे, इकडच्यांना नाही. कुमुदने नेहमीप्रमाणे चौरंग मांडला. त्यावर विळी, नारळ फोडायचा कोयता, माझे स्क्रूड्रायव्हर, शिलाई मशीनची कात्री, मागच्या वर्षी बिघडलेला मिक्सर (दुरुस्त व्हावा म्हणून), आणि मधोमध, मान म्हणून, माझे विमान. सगळ्यांना हळदकुंकू वाहिले. विमानाच्या नाकावर कुंकू जरा जास्त सांडले आणि खाली ओघळले. पंखांवरून झेंडूची माळ घातली. मग तिने फोटो काढला आणि आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवायचा तो सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. दत्तोपंत, आपण क्षणभर उत्तर प्रदेशातल्या माणसाच्या नजरेने तो फोटो बघा. मधे एक विमान, तोंड लाल झालेले, एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला उभी केलेली विळी, आणि खाली आमच्या कुमुदने लिहिलेले, ‘सर्वांना शुभेच्छा.’

अर्ध्या तासात ग्रुपवर तेहतीस कोटी देव प्रकटले. कुणी विचारले की अंकल किसकी तैयारी है. कुणी नुसतेच हात जोडले. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या मुलांना त्या दिवशी आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबवू दिली नाही. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी स्वतः आले. फार सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नाही, म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. त्यांनी प्रसादाची खीर खाल्ली, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “पाटणकर साहब, जहाज़ तो बहुत सुंदर है। रजिस्ट्रेशन वगैरह तो करा ही लिया होगा? हिंडन पास में है न।” हिंडन म्हणजे आमच्या इथला हवाई दलाचा तळ. त्यांची खरी विमाने रोज आमच्या गच्चीवरून जातात आणि कपाटातली भांडी वाजतात. मी इतकी वर्षे सरकारात काढली आहेत, तेव्हा तोंडातून आपोआप निघाले, “प्रोसेस में है।” त्यागीजी हसले आणि गेले. माझी त्या रात्रीची झोपही त्यांच्याबरोबर गेली.

मला तोपर्यंत पत्ताच नव्हता की खेळण्यातल्या विमानालाही नोंदणी लागते. दुसऱ्या दिवशी नियम काढले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. सामान्य माणूस नियम वाचतो तेव्हा त्याला एक नियम दिसतो. मी वाचतो तेव्हा मला त्या वाक्याच्या मागे बसलेला माणूस दिसतो, आणि तो काय विचार करत होता ते मला कळते, कारण तो मीच होतो. ‘परंतु असे की’ आले की मी तिथे पेन्सिलीने खूण करतो, कारण मी स्वतः असे कितीतरी ‘परंतु’ लोकांच्या वाटेत पेरले आहेत. वजनाप्रमाणे गट आहेत असे समजले, आणि पाव किलोच्या आतल्यांना नियम जरा मवाळ असावेत असे वाटले. तेव्हा वजन करणे आले. घरात कुमुदचा पिठाचा काटा आहे, पण पंख मावेनात. शेवटी विमान जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे नेले आणि म्हटले, जरा तोल दो. त्याने विचारले, क्या है इसमें साहब? मला दुसरे काही सुचले नाही, मी म्हटले, लौकी, म्हणजे आपला दुधी भोपळा. त्याने ती पाच फुटी लौकी तराजूवर आडवी ठेवली, काटा बघितला, माझ्याकडे बघितले आणि अत्यंत कळवळून म्हणाला, “कहाँ से ले आए बाबूजी? अंदर से खाली है।” तरी ती सव्वा किलो भरली. पाव किलोत बसवायला मला पंख, शेपूट, मोटर आणि मधला भाग काढावा लागला असता, म्हणजे चाके राहिली असती.

मग विश्वासला बोलावले. विश्वास हा नोएडातला मराठी मुलगा, सेक्टर बासष्टमध्ये नोकरीला आहे आणि रविवारी असलीच विमाने उडवणाऱ्या क्लबात जातो. जन्म दिल्लीचा, त्यामुळे त्याचे मराठी अर्ध्या वाटेवर गाडी बदलते. तो सोफ्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही खामखां डरता यार. बिल्कुल सिंपल आहे. ऑनलाइन आहे, पाच मिनटांचं काम, फी शंभर रुपये.” हे ऐकून मी जितका घाबरलो तितका तोपर्यंत घाबरलो नव्हतो. शंभर रुपये! दत्तोपंत, शंभर रुपयांत इथे सिनेमाच्या मध्यंतरातले मक्याचे दाणे मिळत नाहीत, आणि शंभर रुपयांत सरकार विमान नोंदवून घेते? फी जबर असली की समजावे, सरकारला पैसे हवे आहेत. फी इतकी किरकोळ असली की समजावे, सरकारला पैसे नको आहेत, आपले नाव हवे आहे. हे मी विश्वासला समजावून सांगितले. तो म्हणाला, “काका, सरकारला तुमचं नाव ऑलरेडी माहीत आहे. पेन्शन कोण देतं?” या वाक्याने मला धीर यावा अशी त्याची कल्पना होती. मला मात्र पहिल्यांदाच पेन्शनचा विचार सुचला, आणि तो अजून गेलेला नाही.

भरले एकदाचे. प्रत्येक प्रश्नाला मी उठून पाणी पिऊन येत होतो. निर्माता कोण, असे विचारले होते. मी खरे तेच लिहिले, स्वतःचे नाव. लिहिल्यावर लक्षात आले की मी एका क्षणात विमान-उत्पादक झालो. मग त्याला कारखाना-परवाना लागतो का? जेवणाचे टेबल हे उत्पादनस्थळ धरले तर सोसायटीच्या नियमांत राहत्या घरात उत्पादनाला बंदी आहे, ते त्यागीजींना कळवायचे का? विश्वास म्हणाला, “चलो काका, सबमिट दाबा.” मी म्हटले, आधी मसुदा करू, उद्या पुन्हा वाचू, परवा दाबू. कुमुद स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, माझ्या खांद्यावरून वाकली, आणि तिने दाबले. (ही आपल्याच घराण्याची घाई आहे, हे आपण नाकारणार नाही.) पैसे गेले, पावती आली. पावती इतकी पटकन आली की मला ती संशयास्पद वाटली. मी ती तीन प्रतींत छापून तीन वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. त्यातली एक या पाकिटात घातली आहे, ती आपल्या देवघरात ठेवावी.

पुढे नंबरही आला. तो विमानावर ठळक लावायचा असतो, आणि इथे माझी खरी भीती सुरू झाली. इतके दिवस मला वाटत होते, नोंदणी नाही म्हणून मी घाबरतो आहे. नोंदणी झाली तेव्हा कळले की ती पहिली भीती फारच सुखाची होती. पूर्वी विमान कुठे पडले असते तर बेवारशी पडले असते. आता ते कुणाच्या गच्चीत, कुणाच्या हळदीच्या मांडवात, कुणाच्या नव्या गाडीवर पडले तर नंबरासकट पडेल. तरी मी कर्तव्यात कसूर केली नाही. नुसता नंबर पुरतो असे विश्वास सांगत होता, पण अपुरी माहिती देणे माझ्या रक्तात नाही. पंखाच्या खालच्या बाजूला मी बारीक ब्रशने नंबर लिहिला, त्याखाली सूर्यकांत गणेश पाटणकर, त्याखाली सेवानिवृत्त, त्याखाली फ्लॅट, टॉवर, सोसायटी, गाझियाबाद, पिनकोड, आणि मोबाइल नंबर. पिनकोडपर्यंत येताना दुसरा पंख सुरू झाला. कुमुद म्हणाली, रक्तगटही लिहा. तिने ते थट्टेने म्हटले होते, पण मी लिहिला.

आता एवढेच राहिले की उडवायचे कुठे. विश्वासने फोनवर नकाशा दाखवला. लाल भागात उडवायचे नाही, पिवळ्यात परवानगीने, हिरव्यात चालते. आमच्या सोसायटीवर बोट ठेवून पाहिले तर सगळे लालच लाल. तेव्हापासून मी विमान पुसायला गॅलरीतही नेत नाही, हॉलमध्येच पुसतो, आणि तेही जमिनीवर ठेवून. हिरवा तुकडा कुठे सापडावा? दत्तोपंत, पानिपतला! म्हणजे गावाच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, क्लबाने एका शेतकऱ्याकडून धरलेली पडीक जमीन आहे, सगळे तिथेच उडवतात. मी विश्वासला विचारले, अरे बाबा, सबंध हरयाणात मराठी माणसाला पहिल्या उड्डाणासाठी दुसरी जागा नाही का? त्याने विचारले, का, तिथे काय झालं होतं? (दिल्लीत वाढलेली मुले ही अशी.) मी त्याला सतराशे एकसष्टपासून सांगायला बसलो. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, “पण काका, तेव्हा ते रजिस्टर्ड नव्हते ना.” विश्वास नावाच्या माणसाबरोबर पानिपतावर जायचे, हे कपाळात लिहिलेले असेल तर पुसणारा मी कोण.

तर परवा रविवारी सकाळी निघायचे ठरले आहे. कुमुदने थालिपिठांची भाजणी काढून ठेवली आहे आणि ती सहलीला निघाल्यासारखी आनंदात आहे. मी दोन दिवस नीट जेवलेलो नाही. देवाजवळ मागणे एवढेच की रविवारी धुके पडावे, दाट पडावे आणि ते माझ्यामुळे पडले असे कुणाला वाटू नये. मुलाबाळांस आशीर्वाद, प्रभावहिनींना नमस्कार, आणि आपल्या खोकल्याला आराम पडो ही इच्छा. लिहिण्यात कमीजास्त झाले असेल तर ते दर ओळीला पडद्याआडून बघत असल्यामुळे झाले आहे, मनात काही नाही.

आपला आज्ञांकित,
सूर्यकांत

ता. क. (शनिवार). पत्र काल टाकायचे राहिले, कारण टपालपेटीपर्यंत जाताना त्यागीजी समोरून आले आणि मी वळलो. ते राहिले हे बरेच झाले, कारण एक विनंती लिहायची राहिली होती. कुमुद म्हणते, दादाला म्हणावं गोडा मसाला संपला, आणि सातारी कंदी पेढे कुणाबरोबर आले तर पाठव. ही झाली तिची विनंती. माझी अशी की, आपण वडीलधारे आहात, विमान आपल्याच देणगीतून झाले आहे, तेव्हा त्याचे पहिले उड्डाण आपल्या शुभहस्ते व्हावे. आपण एप्रिलात यावे, तोवर मी विश्वासला थोपवून धरतो. चार फुले वाहू, नारळ फोडू, बटण आपण दाबावे. पाहुण्याच्या हातून काही झाले तर त्याला कोणी काही म्हणत नाही, आणि आपण दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला परत गेलेले असाल.

आणखी ता. क. (रविवार, संध्याकाळ). वरची विनंती रद्द समजावी. धुके पडले नाही. इतके स्वच्छ आकाश मी या शहरात चार वर्षांत पाहिले नसेल. पानिपतच्या त्या शेतात पाचसहा मंडळी आपापली विमाने घेऊन जमली होती. सगळी हसतमुख, सगळ्यांच्या विमानांवर नुसते इवलेसे नंबर. माझे विमान त्यांनी हातात घेऊन उलटे केले आणि खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. एकाने फक्त विचारले की अंकल, आधार नंबर रह गया? मग विश्वासने विमान डोक्यावर धरले, मी रिमोट धरला, आणि त्याने ते सोडले.

दत्तोपंत, ते उडले. जरा खाली गेले, माझ्या तोंडून देवाचे नाव गेले, आणि मग ते वर चढले. सफेद्याच्या, म्हणजे आपल्या निलगिरीच्या, झाडांच्या वर गेले. ऊन त्याच्या पंखांवर आले आणि खाली उभ्या मला माझे नाव दिसले, म्हणजे वाचता आले नाही, पण ते तिथे आहे हे मला ठाऊक होते. मी डावीकडे म्हटले की ते डावीकडे जाई. माझ्या सबंध नोकरीत माझ्या सांगण्यावरून शिपाईसुद्धा डावीकडे गेला नाही. कुमुदने दोन्ही हात तोंडावर धरले आणि ओरडली, “अहो, उडलं!” मला रडू आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. किती वेळ गेला कोण जाणे, भीती म्हणून काही असते हे मी विसरलो होतो.

आणि तेवढ्यात हमरस्त्यावरून पोलिसांची जीप आत वळली. मी काय केले ते आता सांगतो, आणि का केले ते विचारू नये. ऑफिसात तपासणी आली की आम्ही काय करत असू? जे उघडे असेल ते बंद. मी रिमोट बंद केला आणि थालिपिठांच्या पिशवीत खाली घातला, त्यावर डबा ठेवला आणि आकाशाकडे पाठ करून उभा राहिलो. जीप शेताच्या टोकाच्या उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबली. पोलिसांनी रस प्यायला. त्यातल्या एकाने आमच्याकडे बघून हात हलवला आणि “बढ़िया!” असे ओरडला. मग ते गेले. मी वळलो तेव्हा विमान झाडांपलीकडे एवढुसे दिसत होते. वरून कुणाचा हुकूम नसताना एखादी गोष्ट इतकी सरळ जाऊ शकते, हे मी प्रथमच पाहिले. मग ते दिसेनासे झाले.

आम्ही ऊन उतरेपर्यंत शोधले. गहू, मोहरी, पुन्हा गहू. विश्वास बिचारा एवढेच म्हणाला, सिग्नल तुटला की मोटर बंद पडते काका, कुठेतरी तरंगत उतरलं असेल, टेन्शन नका घेऊ. येताना पराठ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरथलला गाडी थांबवली तर कुमुदने पराठा नको म्हटले. मुरथलचा पराठा आपल्या बहिणीने नाकारला, यावरून काय ते ओळखावे. घरी येऊन कपाटाकडे बघवत नाही. आता ते कुणाच्या हाती लागले असेल, आणि माझ्या नाव-पत्त्यासकट त्याचे काय झाले असेल, या विचाराने मी कपडे न बदलता बसलो आहे. कुणी न्यायला आले तर निदान पायजम्यात नको.

शेवटचा ता. क. (त्यानंतर थोड्या वेळाने). खरी विनंती ही आहे, वरच्या दोन्ही विसरून जाव्या. पत्राच्या पाठीमागे मी एक मोबाइल नंबर लिहिला आहे. पत्र मिळताच आपण त्यावर फोन करावा आणि सांगावे की आपण सूर्यकांत पाटणकर बोलता आहात. आवाज जरा बसल्यासारखा काढावा, आपला खोकला असेल तर उत्तमच. म्हणावे की रविवारी संध्याकाळी ऐकू नीट आले नाही, प्रकृती बरी नव्हती, मुलगा, म्हणजे विश्वास, येऊन घेऊन जाईल.

झाले असे की आत्ताच फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला आणि कानाला लावला. पलीकडून एक खडा हरयाणवी आवाज म्हणाला, “बाबूजी, सूर्यकांत पाटणकर बोलो सो के?” तो म्हणाला, “थारा जहाज म्हारे गोभी के खेत म्हं उतर रया सै। नाम-पता सब लिख राख्या सै।” म्हणजे विमान त्याच्या फ्लॉवरच्या शेतात उतरले होते, माझ्या नाव-पत्त्यासकट. मी विचारले, कौन सा जहाज़? दत्तोपंत, हे माझ्या तोंडून गेले. तो शेतकरी हसला, भला माणूस असावा. म्हणाला की मुले त्याला हात लावत नाहीत, मी त्यांना दूर ठेवले आहे, तुम्ही या आणि घेऊन जा, चहा प्या. मी म्हणालो, “भाई, राँग नंबर।” आणि फोन ठेवला. कुमुदने आतून विचारले, कोणाचा होता? मी म्हटले, बँकेचा, कर्ज हवं का विचारत होते. ती म्हणाली, नको म्हणून सांगा. मी म्हटले, सांगितलं.

परत फोन करायला हात उचलत नाही. एकदा दिलेला जबाब बदलला की संशय दुप्पट होतो, असे शेरे मी स्वतः लोकांच्या कागदांवर मारले आहेत. विश्वासला सांगावे तर तो म्हणेल, काका, नंबर ह्याच्यासाठीच तर असतो. कुमुदला सांगावे तर ती काहीच म्हणणार नाही, आणि ते मला सोसणार नाही. म्हणून आपण. पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकतो. तोवर त्या भल्या माणसाच्या गोभीवर पाऊस न पडो.

फोन ठेवण्यापूर्वी तो आणखी एक वाक्य बोलला होता, ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. म्हणाला, “एक भी खरोंच कोनी, बाबूजी। न्यूं उतरया सै जणू किसे नै हाथ तै धर दिया हो।” म्हणजे एकही ओरखडा नाही, जणू कुणी हाताने अलगद ठेवले. दत्तोपंत, जन्मात मी एकच गोष्ट एकट्याने केली, ती उडली, आणि एकटीच नीट खाली उतरलीसुद्धा. तो माणूस मला तेच सांगत होता, आणि मी त्याला म्हणालो, राँग नंबर.

सू.